लिनक्सवर ओडीबीसी ड्रायव्हर बसवताना : सांगली, मिरज, कुपवाडमधून येणारे नेहमीचे प्रश्न

मार्केट यार्डातली पेढी असो, कुपवाड एमआयडीसीतला कारखाना असो की एखादी पतसंस्था, सर्व्हर लिनक्सवर नेला की फोन एकाच कारणासाठी येतो. डेटाबेस चालू आहे, प्रोग्रॅम चालू आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. त्या फोनवर दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आज्ञा, फाइलींची नावं आणि त्रुटींचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचे.

विंडोजवर चार क्लिकमध्ये होतं ते लिनक्सवर दिवसभर का पुरतं?

ओडीबीसी म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅमने कोणत्याही डेटाबेसशी बोलायची एक ठरलेली रीत, आणि त्या त्या डेटाबेसची भाषा जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. ही रीत मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणली. विंडोजमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आधीपासून बसवलेलाच असतो आणि ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरला नोंद कुठे करायची हे पक्कं ठाऊक असतं. युनिक्सच्या घरात असा ठरलेला मॅनेजर कधीच नव्हता. तो बाहेरून आला, तोही एक नाही, दोन: युनिक्सओडीबीसी आणि आयओडीबीसी. ड्रायव्हर तिसऱ्याचा, त्याला लागणारी क्लायंट लायब्ररी चौथ्याची आणि लिनक्सचं वितरण पाचव्याचं. प्रत्येकाने आपापल्या सोयीने फाइलींच्या जागा ठरवल्या.

ड्रायव्हर मॅनेजर म्हणजे यार्डातला अडत्या. माल त्याचा नसतो, पण सौदा त्याच्यामार्फतच होतो. तुमचा प्रोग्रॅम मॅनेजरशी बोलतो, मॅनेजर ड्रायव्हर उघडतो, ड्रायव्हर क्लायंट लायब्ररी मागतो आणि मग कुठे सर्व्हरपर्यंत वायर जाते. बिघाड यातल्या एकाच पायरीवर असतो. ती पायरी कोणती, हे त्रुटीच्या संदेशातच लिहिलेलं असतं, पण लोक ते वाचत नाहीत. संदेशाच्या सुरुवातीचे चौकटी कंस बघा. फक्त 'युनिक्सओडीबीसी' आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' एवढंच असेल, तर गोष्ट अजून तुमच्याच मशीनवर आहे; सर्व्हर, फायरवॉल, पासवर्ड यांना हात लावू नका. कंसात ड्रायव्हरचं किंवा डेटाबेसचं नाव आलं, तर ड्रायव्हर उघडला गेला आहे आणि पुढचं त्याच्याकडून कळतंय. या एका सवयीने निम्मे फोन कमी होतील.

युनिक्सओडीबीसी घ्यावं की आयओडीबीसी?

लिनक्सवर युनिक्सओडीबीसी. बहुतेक ड्रायव्हर त्याच्यासाठीच बांधलेले मिळतात. आयओडीबीसी वाईट नाही, पण दोन्ही एका मशीनवर मिसळू नका. युनिकोड अक्षरासाठी युनिक्सओडीबीसी दोन बाइट धरतं, आयओडीबीसी सहसा चार. एकासाठी बांधलेला ड्रायव्हर दुसऱ्याखाली चालवला की नावांतली अक्षरं गळतात किंवा प्रोग्रॅम सरळ कोसळतो.

दोन आयएनआय फाइली कशाला? आणि मी बदल केला तरी फरक का पडत नाही?

ओडीबीसीइन्स्ट डॉट आयएनआय या फाइलीत ड्रायव्हरची नोंद असते: नाव काय, लायब्ररी कुठे. ओडीबीसी डॉट आयएनआयमध्ये डीएसएनची (डेटा सोर्स नेम, जोडणीला दिलेलं नाव), म्हणजे कोणत्या सर्व्हरवरचा कोणता डेटाबेस, कोणत्या ड्रायव्हरने. फरक पडत नाही त्याचं कारण जवळपास नेहमी एकच: तुम्ही बदलता ती फाइल मॅनेजर वाचतच नाही.

पॅकेजमधून बसवलेलं युनिक्सओडीबीसी सहसा इटीसी फोल्डरमध्ये बघतं. सोर्सवरून बांधलेलं, वेगळं काही सांगितलं नसेल, तर यूएसआर-लोकलच्या आतल्या इटीसीमध्ये. एखाद्याने आधी पॅकेज घेतलं, मग कुठल्या तरी व्हिडिओत बघून सोर्सही बांधला, तर दोन मॅनेजर, दोन जागा आणि सगळा गोंधळ. म्हणून पहिली आज्ञा कायम हीच: ओडीबीसीइन्स्ट, मोकळी जागा, उणे चिन्ह आणि जे. ती ड्रायव्हरची फाइल, सिस्टिमची डीएसएन फाइल आणि वापरकर्त्याची डीएसएन फाइल या तिन्हींचे पूर्ण पत्ते छापते. तिथे दिसेल तीच फाइल उघडा.

वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये ठिपक्याने सुरू होणारी लपलेली ओडीबीसी डॉट आयएनआय असेल, तर ती आधी वाचली जाते. एकाच नावाचा डीएसएन दोन्हीकडे असला की होममधला जिंकतो. सुडो (ॲडमिनच्या हक्कांनी आज्ञा चालवणं) लावून चाचणी केली की होम बदलू शकतं, मग एकच आज्ञा दोन वेगळ्या डेटाबेसना जाऊन भिडते. शिवाय ओडीबीसीआयएनआय आणि ओडीबीसीसिसआयएनआय ही पर्यावरण चलं कुणी प्रोफाइलमध्ये टाकून ठेवली असतील, तर ती या सगळ्यावर कुरघोडी करतात. दुसऱ्याने लावलेलं मशीन हाती आलं की ही चलं आधी तपासा.

आणखी एक: किल्लीशब्द ड्रायव्हरगणिक बदलतात. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरला 'सर्व्हरनेम' लागतं, मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरला 'सर्व्हर'. एसक्यूएल सर्व्हरशी बोलणाऱ्या फ्रीटीडीएस या ड्रायव्हरमध्ये दोन्ही चालतात, पण अर्थ वेगळे: 'सर्व्हर' म्हणजे थेट पत्ता आणि 'सर्व्हरनेम' म्हणजे फ्रीटीडीएसच्या स्वतःच्या कॉन्फ फाइलीतली नोंद. एका डीएसएनची नक्कल करून दुसरा बनवला की इथेच घोळ होतो, कारण चुकीचा शब्द बहुतेक वेळा मुकाट्याने दुर्लक्षिला जातो.

'आयएम००२, डेटा सोर्स नेम नॉट फाउंड' म्हणजे?

मॅनेजरला त्या नावाची नोंद सापडली नाही. वरचं उत्तर पुन्हा वाचा. नाव अक्षरन् अक्षर तेच आहे का बघा. वर्डमधून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या ओळीत वळणदार अवतरणचिन्हं आणि न दिसणाऱ्या मोकळ्या जागा येतात. कॅट आज्ञेला उणे मोठा ए लावून फाइल छापली की त्या उघड्या पडतात.

लायब्ररीची फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी 'कान्ट ओपन लिब, फाइल नॉट फाउंड' का?

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न हाच, कारण संदेश अर्धसत्य आहे. युनिक्सओडीबीसी लायब्ररी उघडायचं काम एलटीडीएल नावाच्या मध्यस्थाकडे देतं. उघडणं कोणत्याही कारणाने फसलं तरी तो बऱ्याचदा एकच ठोकळ उत्तर परत करतो: फाइल सापडली नाही. खरं कारण वाटेत हरवतं.

आधी संदेशात अवतरणात काय आहे ते बघा. तिथे पूर्ण पत्त्याऐवजी नुसतं नाव असेल, समजा 'ओडीबीसी ड्रायव्हर १८ फॉर एसक्यूएल सर्व्हर', तर मॅनेजरला त्या नावाचा ड्रायव्हर ओडीबीसीइन्स्टच्या फाइलीत मिळाला नाही, म्हणून तो त्या नावालाच फाइल समजून उघडायला गेला. ओडीबीसीइन्स्टला उणे क्यू आणि उणे डी लावा. नोंदलेल्या ड्रायव्हरांची यादी येईल. त्यात ते नाव नसेल, तर चौकशी तिथेच संपली.

अवतरणात पूर्ण पत्ता असेल तर त्या पत्त्यावर एलडीडी चालवा. ड्रायव्हरला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी ओळीने दिसतात. ज्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' येईल तो खरा गुन्हेगार. ओरॅकलच्या इन्स्टंट क्लायंटमध्ये हे फार होतं. ड्रायव्हर जागेवर असतो, पण त्याला लागणारी लिबएआयओ ही लायब्ररी नसते. उबुंटू २४.०४ मध्ये ती पॅकेजमधून बसवली तरी फाइलीचं नाव थोडं बदललेलं आहे, त्यामुळे जुन्या नावाने शोधणाऱ्या ड्रायव्हरला ती दिसत नाही. जुन्या नावाचा सांकेतिक दुवा करून द्यावा लागतो. जुन्या ड्रायव्हरांचं असंच एक दुखणं युनिक्सओडीबीसी २.३.१ पासूनचं: मॅनेजरच्या लायब्ररीच्या शेवटचा आकडा एकचा दोन झाला आणि 'डॉट एसओ डॉट वन' मागणारे ड्रायव्हर उपाशी राहिले. दुवा करून ते बऱ्याचदा चालतात, पण शक्य असेल तर ड्रायव्हरच नवा घ्या.

एलडीडीने काहीच तक्रार केली नाही, तर फाइल ही आज्ञा त्या लायब्ररीवर चालवा. बत्तीस बिटांची आहे की चौसष्ट, इंटेलची की एआरएमची, हे एका ओळीत कळतं. वजनकाट्याजवळ रास्पबेरी पाय ठेवून त्यावर इंटेलचा ड्रायव्हर चढवायचा प्रयत्न झालेला मी पाहिला आहे. तो कधीच उघडणार नाही. डॉकरमध्ये अल्पाइन वापरत असाल तर तिथली मूळ सी लायब्ररी मसल आहे, जीलिबसी नाही. डेबियनसाठी बांधलेला ड्रायव्हर तिथे उघडत नाही आणि संदेश पुन्हा तोच. आयएसक्यूएल (जोडणी तपासायची युनिक्सओडीबीसीची आज्ञा) हिच्याआधी 'एलडी_डीबग=लिब्स' लिहिलं की लायब्ररी उघडणारा लोडर कुठे कुठे शोधतोय ते पडद्यावर धो धो येतं. वाचायला किचकट, पण खोटं नाही.

एलडी_लायब्ररी_पाथ लावला की सगळं चालतं, मग तोच कायम ठेवू का?

लायब्ररी कुठे शोधायच्या हे सांगणारं हे चल तपासणीपुरतं लावा. कायमसाठी त्या फोल्डरचा पत्ता इटीसीतल्या एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलीत लिहा आणि एलडीकॉन्फिग चालवा. सुडो हे चल पुढे नेत नाही, ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनला ते माहीत नसतं आणि दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला चुकीची लायब्ररी मिळून भलताच बिघाड होतो तो वेगळा. एखाद्या कारखान्यात जुनं एआयएक्स अजून धडधडत असेल तर तिथे चलाचं नाव लिबपाथ आहे, जुन्या एचपी-यूएक्सवर एसएचलिब_पाथ.

हातानं चालवलं तर चालतं, रात्री क्रॉनमधून का नाही? वेबवरून का नाही?

कारण तुमचं टर्मिनल आणि क्रॉन हे दोन वेगळे वापरकर्ते आहेत असंच धरून चाला, नाव एक असलं तरी. तुम्ही लॉगिन करता तेव्हा प्रोफाइल वाचली जाते आणि पाथ, टीएनएस_ॲडमिन, एनएलएस_लँग, ओडीबीसीआयएनआय ही चलं जागेवर येतात. क्रॉन त्यातलं काही वाचत नाही.

यार्डातल्या एका पेढीवरचं उदाहरण घ्या. दिवसभराच्या हळदीच्या सौद्यांच्या पट्ट्या रात्री एका स्क्रिप्टने गोळा व्हायच्या होत्या. हाताने स्क्रिप्ट नीट चालायची, रात्री मात्र आयएम००२. क्रॉनमध्ये एकच ओळ घातली: 'एन्व्ह' आज्ञेचं उत्तर एका फाइलीत ओतणारी. सकाळी ती फाइल आणि टर्मिनलवरचं एन्व्ह शेजारी ठेवलं. टर्मिनलकडे ओडीबीसीआयएनआय होतं, क्रॉनकडे नव्हतं. डीएसएन इटीसीतल्या सिस्टिमच्या फाइलीत हलवला, चल काढून टाकलं, काम झालं. चलं वाढवण्यापेक्षा ती लागणारच नाहीत अशी मांडणी करणं केव्हाही बरं.

सिस्टिमडी, म्हणजे मशीनवरच्या सेवा चालवणारी लिनक्सची यंत्रणा, तिच्या सेवेचंही तेच. तिच्या युनिट फाइलीत 'एन्व्हायर्नमेंट' ओळीने द्याल तेवढंच तिला मिळतं. 'प्रोटेक्टहोम' चालू असेल तर होममधली लपलेली फाइल तिला दिसतच नाही.

वेबचं प्रकरण आणखी एका कारणाने अडतं. रॉकी, अल्मा, रेड हॅट या कुळातल्या लिनक्समध्ये एसईलिनक्स हा सुरक्षेचा पहारेकरी चालू असतो आणि तो वेब सर्व्हरला डेटाबेसकडे बाहेर जाऊ देत नाही. आयएसक्यूएल चालतं, पीएचपीचं पान मात्र 'परमिशन डिनाइड' म्हणतं. उपाय म्हणजे एसईटीएसईबूल आज्ञेला उणे मोठा पी लावून 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी' एकवर करणं. अख्खं एसईलिनक्स बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

शेतकऱ्यांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. काय करावं?

आधी डेटा मुळात युनिकोड आहे का ते बघा. आपल्याकडच्या जुन्या हिशोबांत श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टांत टाइप केलेली नावं असतात. डेटाबेसच्या दृष्टीने ती मराठी नाहीतच, इंग्रजी चिन्हांची रांग आहे. तिथे कोणताही ड्रायव्हर काही करू शकत नाही. फॉन्ट रूपांतर करून डेटा बदलावा लागतो. मूळ टेबलातच अशी चिन्हं दिसत असतील, तर ओडीबीसीला दोष देऊन उपयोग नाही.

डेटा युनिकोड असेल तर प्रश्नचिन्हं आणि कचरा यांत फरक करा. प्रश्नचिन्ह म्हणजे वाटेत कुणीतरी देवनागरी न मावणाऱ्या अक्षरसंचात रूपांतर केलं आणि मूळ अक्षर गेलं. ते परत येत नाही. असा डेटा पुन्हा टेबलात लिहिला गेला तर नाव कायमचं गेलं, म्हणून चाचणी नेहमी नकलेवर करा. कचरा, म्हणजे टोपीवाली, टिंबवाली लॅटिन अक्षरं, म्हणजे यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन समजून दाखवलेत. तो बऱ्याचदा दुरुस्त होतो.

मायएसक्यूएलच्या डीएसएनमध्ये 'कॅरसेट' यूटीएफ८एमबी४ ठेवा. पोस्टग्रेसचे दोन ड्रायव्हर येतात, त्यातला डब्ल्यू शेपटीचा घ्या, तो युनिकोडचा. ए शेपटीचा नको. फ्रीटीडीएसमध्ये क्लायंट कॅरसेट यूटीएफ-८. ओरॅकलला एनएलएस_लँगच्या शेवटी एएल३२यूटीएफ८ हवं. एसक्यूएल सर्व्हरवर रकाना एनव्हारकॅर आहे का पाहा. क्वेरीत मजकूर थेट लिहीत असाल तर अवतरणाआधी मोठा एन लागतो. आणि लोकॅल, म्हणजे भाषा व अक्षरसंचाची सेटिंग: काही ड्रायव्हर लँग चल बघून अक्षरसंच ठरवतात. क्रॉनमध्ये ते चल रिकामं असलं की हाताने मराठी छापणारी स्क्रिप्ट रात्री प्रश्नचिन्हं छापते.

लांबीचाही हिशोब ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची स्वतंत्र मोजणी होते. 'सांगली' अठरा बाइट, 'विश्रामबाग' तीस. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ चा वीसचा रकाना बाइटवर मोजलेला असेल, आणि मूळ रीत तीच आहे, तर विश्रामबाग त्यात बसत नाही, ओआरए-१२८९९ येतो. रकाना अक्षरांवर मोजायला सांगा.

एसक्यूएल सर्व्हरचा ड्रायव्हर १७ चा १८ केला आणि 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' सुरू झालं?

१८ मध्ये एन्क्रिप्शन मुळातच चालू आहे आणि प्रमाणपत्र तपासलं जातं. ऑफिसातल्या सर्व्हरवर सहसा त्याने स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र असतं. योग्य मार्ग म्हणजे सर्व्हरवर नीट प्रमाणपत्र बसवणं. आतल्या नेटवर्कपुरतं 'ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=येस' चालेल, इंटरनेटवरून जोडत असाल तर नको. संदेशात 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' असेल तर गोष्ट उलटी: सर्व्हर जुना आहे, त्याला टीएलएस १.२ (एन्क्रिप्शनची रीत) येत नाही आणि उबुंटू २०.०४ पासून पुढे त्याखालचं चालत नाही. सर्व्हरला अपडेट द्या.

लोकलहोस्ट लिहिलं तर मायएसक्यूएल जोडत नाही, १२७.०.०.१ लिहिलं तर जोडतं. का?

लोकलहोस्ट म्हटलं की क्लायंट सॉकेट फाइल शोधतो आणि ती फाइल वितरणागणिक वेगळ्या जागी असते. आकडे लिहिले की टीसीपीने जातो.

आकडे भलतेच येतात, कधी प्रोग्रॅम कोसळतो. जोडणी मात्र होते.

मशीन जुनं आहे का? युनिक्सओडीबीसी २.३.० च्या आधी चौसष्ट बिटांवर लांबी ठेवायचा प्रकार, एसक्यूएललेन, मुळात चार बाइटचा बांधला जायचा. तिथून पुढे तो आठचा झाला. मॅनेजर, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम यांच्यात एकमत नसेल तर अर्ध्याच बाइट भरल्या जातात. ओळखायची खूण: रिकाम्या रकान्याची लांबी उणे एकऐवजी ४२९४९६७२९५ येते. ओडीबीसीइन्स्टची तीच उणे जे आज्ञा शेवटी एसक्यूएललेनचा आकार छापते. तिथे आठ हवं. चार असेल तर मॅनेजर बदला.

टॅलीतला डेटा लिनक्सवरून ओडीबीसीने वाचता येईल का?

टॅलीचा ओडीबीसी ड्रायव्हर विंडोजसाठी आहे, त्यामुळे थेट नाही. पण टॅली चालू असलेल्या मशीनवर ९००० पोर्टवर एक्सएमएल विनंती पाठवली तर उत्तर एक्सएमएलमध्ये मिळतं आणि ते लिनक्सवरून सहज होतं. वाइन वगैरेच्या नादी लागू नका.

पासवर्ड डीएसएनमध्ये लिहावा का?

इटीसीतली फाइल सगळ्यांना वाचता येते, म्हणून तिथे नको. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ठेवा आणि ती फाइल फक्त त्या सेवेच्या वापरकर्त्याला वाचता येईल अशी करा. पासवर्डात अर्धविराम असेल तर जोडणीच्या ओळीत तो महिरपी कंसात घाला, नाहीतर अर्धाच पोचतो आणि सर्व्हर २८०००, म्हणजे लॉगिन नाकारलं, म्हणतो.

ट्रेस कसा लावायचा?

ओडीबीसीइन्स्टच्या फाइलीत 'ओडीबीसी' नावाचा विभाग करून 'ट्रेस=येस' आणि 'ट्रेसफाइल' पुढे पत्ता. काम झाल्याबरोबर बंद करा. प्रत्येक हाकेची नोंद होते, वेग मंदावतो आणि फाइल डिस्क भरेपर्यंत वाढते. सिस्टिमडी सेवेत 'प्रायव्हेटटीएमपी' चालू असेल तर टीएमपीमधली ट्रेस फाइल तुम्हाला दिसणार नाही, ती सेवेच्या खासगी टीएमपीत असते.

ओडीबीसी लागतंच का?

बऱ्याचदा नाही. आणि हे कुणी आधी विचारत नाही. एकाच डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा प्रोग्रॅम असेल तर त्या डेटाबेसचा पीडीओ ड्रायव्हर घ्या. पायथनला पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलसाठी स्वतःची मॉड्यूल्स आहेत. जावाला जेडीबीसी पुरतं. जेडीबीसी-ओडीबीसी पूल तर जावा ८ मध्ये काढूनच टाकला. ओडीबीसी घ्यावं ते लिबरऑफिस बेस, आर, किंवा अनेक डेटाबेसांशी बोलणारं तयार सॉफ्टवेअर असेल तेव्हा, किंवा पायथनमधून एसक्यूएल सर्व्हरकडे जायचं असेल तेव्हा.

सिस्टिम अपडेट केली आणि जोडणी तुटली?

ड्रायव्हरच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा असेल तर अपडेटनंतर तो पत्ता बदललेला असतो. नोंद सुधारा. दोन्ही आयएनआय फाइली बॅकअपमध्ये धरा. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या मजल्यावर किंवा क्लाउडवर ठेवायची शिस्त पुष्कळांना लागली, पण या दोन फाइली आणि एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी त्यात क्वचितच सापडतात.

मदत मागताना काय पाठवू?

चार गोष्टी. ओडीबीसीइन्स्ट उणे जेचं उत्तर. ड्रायव्हरच्या लायब्ररीवर एलडीडीचं उत्तर. आयएसक्यूएलला उणे व्ही लावून आलेला पूर्ण संदेश, कारण व्ही नसेल तर तो नुसतं 'जोडता आलं नाही' म्हणून गप्प बसतो. आणि दोन्ही आयएनआय फाइली, पासवर्ड खोडून. सगळं मजकूर म्हणून पाठवा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. त्यात चौकटी कंसांचा डावीकडचा भाग हमखास कापलेला असतो.